एचटीटी-४० : नवशिक्या वैमानिकाचे विमान आता ओझरमध्ये

खास प्रतिनिधी, नाशिक

नाशिककरांना विमानाचा आवाज नवा नाही. मुंबई-आग्रा महामार्गालगत, निफाड तालुक्यातील ओझर येथे हिंदुस्तान एरोनॉटिक्स लिमिटेडचा म्हणजेच 'एचएएल'चा कारखाना सहा दशकांपासून उभा आहे. आधी मिग आणि नंतर सुखोई या लढाऊ विमानांचा गडगडाट ऐकत परिसरातील दोन-तीन पिढ्या लहानाच्या मोठ्या झाल्या. गावाची ओळखही 'ओझर मिग' अशीच पडली. या कारखान्याच्या वाट्याला आता एक वेगळ्या जातीचे विमान आले आहे. त्याला एकच इंजिन आहे, पुढे फिरणारा चार पात्यांचा पंखा आहे आणि वजन जेमतेम २,८०० किलो आहे. पूर्ण भारासह उडणाऱ्या सुखोई-३० एमकेआयचे वजन ३८ टनांच्या पुढे जाते. त्याच्या शेजारी हे विमान खेळण्यासारखे दिसेल. परंतु त्याच्यावर असलेली जबाबदारी मुळीच लहान नाही. ज्या तरुणाने यापूर्वी कधीही विमान हाताळलेले नाही, त्याला आकाशात नेऊन सुखरूप परत आणण्याचे काम या विमानाला करायचे आहे.

हिंदुस्तान टर्बो ट्रेनर-४०, संक्षेपाने एचटीटी-४०, असे त्याचे नाव. १७ ऑक्टोबर २०२५ रोजी तत्कालीन घडामोडींत तेजस एमके-१ए या लढाऊ विमानाने ओझरच्या धावपट्टीवरून पहिले उड्डाण केले. संरक्षणमंत्री राजनाथसिंह यांच्या हस्ते त्याच दिवशी तेजसच्या तिसऱ्या आणि एचटीटी-४० च्या दुसऱ्या उत्पादन साखळीचे उद्घाटन झाले. साहजिकच बातम्यांचे मथळे तेजसने पटकावले आणि एचटीटी-४० चा उल्लेख एखाद्या ओळीत आटोपला. प्रत्यक्षात या छोट्या विमानाच्या मागे १९५१ पासूनचा इतिहास आहे, एकोणीस वैमानिकांच्या मृत्यूची पार्श्वभूमी आहे आणि ते बांधावे की बांधू नये यावर झालेला दीर्घ वादही आहे. त्याचा हा परिचय.

परंपरेचा आरंभ : डॉ. घाटगे आणि एचटी-२

सोलापूरचे उद्योगपती वालचंद हिराचंद यांनी डिसेंबर १९४० मध्ये बंगळूर येथे हिंदुस्तान एअरक्राफ्ट ही कंपनी स्थापन केली. नाशिक जिल्ह्याला वालचंद परके नव्हते. मालेगाव तालुक्यातील रावळगावचा साखर कारखाना त्यांनीच १९३३ मध्ये उभारला होता. त्यांच्या विमान कंपनीला आरंभीच्या काळात ज्या अभियंत्याचे नेतृत्व लाभले तेही मराठीच होते. डॉ. विष्णू माधव घाटगे हे मूळचे कोल्हापूर जिल्ह्यातील हसूरचे. जर्मनीतील गटिंगेन विद्यापीठात लुडविग प्रांटल यांच्याकडे त्यांनी वायुगतिशास्त्राचे संशोधन केले होते. आधुनिक वायुगतिशास्त्राचा पाया घालणाऱ्यांत प्रांटल यांचे नाव अग्रभागी घेतले जाते.

स्वातंत्र्यानंतर हवाई दलाचे नवे वैमानिक ब्रिटिश बनावटीच्या टायगर मॉथ या दुपंखी विमानावर शिकत असत. त्याला पर्याय म्हणून डॉ. घाटगे यांच्या मार्गदर्शनाखाली एचटी-२ या विमानाचा आराखडा तयार झाला आणि ऑगस्ट १९५१ मध्ये त्याने पहिले उड्डाण केले. संपूर्ण धातूचा सांगाडा, खालच्या बाजूस जोडलेले पंख, एकामागे एक अशी दोन आसने आणि १५५ अश्वशक्तीचे पिस्टन इंजिन असे त्याचे स्वरूप होते. भारतात आराखडा होऊन मोठ्या संख्येने तयार झालेले हे पहिले शक्तिचलित विमान ठरले. दीडशेहून अधिक एचटी-२ विमाने बांधली गेली, त्यांतील काही घाना देशालाही देण्यात आली. हवाई दलाच्या वैमानिकांच्या कित्येक तुकड्यांनी आकाशाचा पहिला धडा याच विमानावर गिरवला. डॉ. घाटगे यांना १९६५ मध्ये पद्मश्री किताबाने गौरविण्यात आले.

'दीपक'ची शोकांतिका

एचटी-२ ची जागा घेण्यासाठी एचएएलने एचपीटी-३२ 'दीपक' हे विमान तयार केले. त्याचे पहिले उड्डाण ६ जानेवारी १९७७ रोजी झाले आणि ऐंशीच्या दशकात ते हवाई दलात दाखल झाले. २६० अश्वशक्तीचे लायकॉमिंग पिस्टन इंजिन, न मिटणारी चाके आणि शेजारी-शेजारी आसने अशी त्याची रचना होती. गुरू आणि शिष्य एकमेकांच्या बाजूला बसत असल्याने शिकवणे सोपे जाई. पाव शतक हे विमान प्राथमिक प्रशिक्षणासाठी वापरले गेले.

परंतु या विमानाला एका दोषाने ग्रासले. इंधनपुरवठ्यात खंड पडून इंजिन हवेतच बंद पडण्याचे प्रकार वारंवार घडू लागले. दोन इंजिनांच्या विमानात एक इंजिन गेले तरी दुसऱ्याचा आधार असतो. एकाच इंजिनाच्या विमानात तो नसतो. इंजिन थांबताच वैमानिकाच्या हाती उरते ती उंची, वेग आणि उतरण्याजोगी जागा शोधण्यासाठी मिळणारी काही मिनिटे. उड्डाण घेतल्यानंतर लगेच असा बिघाड झाला तर मिनिटेही नसतात, सेकंदच असतात. त्यात दीपकमध्ये बाहेर फेकणारी आसनेही नव्हती.

३१ जुलै २००९ रोजी आंध्र प्रदेशातील (सध्याच्या तेलंगणातील) मेडक जिल्ह्यात दीपक कोसळून दोन प्रशिक्षक वैमानिक मृत्युमुखी पडले. तोवर या विमानाच्या १७ अपघातांत १९ वैमानिकांचा बळी गेला होता. मेडकच्या अपघातानंतर हवाई दलाने हे विमान जमिनीवर उभे केले. विमानाला हवाई छत्री बसवून ते वाचवता येईल का, याचाही विचार झाला. परंतु दीपक पुन्हा प्रशिक्षणात परतले नाही.

त्यानंतर हवाई दलापुढे विलक्षण पेच उभा राहिला. प्राथमिक प्रशिक्षणाचे विमानच नसल्याने नवख्या उमेदवारांना थेट किरण या जेट विमानावर बसवावे लागले. सायकल न शिकता मोटरसायकल हाती देण्यासारखाच हा प्रकार होता. किरणही साठच्या दशकातील विमान आणि त्यांची संख्याही मर्यादित. परिणामी प्रशिक्षणाचे तास घटले.

स्वित्झर्लंडचे विमान आणि देशातील वाद

तातडीचा उपाय म्हणून मे २०१२ मध्ये स्वित्झर्लंडच्या पिलाटस कंपनीशी ७५ पीसी-७ मार्क-२ विमानांचा करार झाला. ही विमाने २०१३ पासून हैदराबादजवळील दुंडिगल येथील हवाई दल अकादमीत दाखल होऊ लागली. विमान चांगले होते आणि वेळेवरही मिळाले. प्रशिक्षणाची घडी त्यामुळे पुन्हा बसली.

मात्र हवाई दलाची एकूण गरज १८१ विमानांची होती. उरलेली १०६ कोठून आणायची, यावर मतभेद झाले. एचएएलने स्वतःचे एचटीटी-४० देऊ केले होते. ते महाग पडेल, वेळेत मिळणार नाही आणि हाताशी सिद्ध झालेले विमान असताना नव्याचा घाट कशासाठी, असा हवाई दलाचा आक्षेप होता. दीपकचा अनुभव ताजा असल्याने त्या आक्षेपाला वजनही होते. उलट बाजूने, प्राथमिक प्रशिक्षण विमानदेखील परदेशातून घ्यायचे असेल तर एचटी-२ पासून मिळवलेल्या विद्येचे काय, असा सवाल विचारला जात होता. शासनाकडून निधीची खात्री नसताना एचएएलने स्वतःच्या तिजोरीतून पैसा घालून काम चालू ठेवले.

मनोहर पर्रीकर संरक्षणमंत्री असताना, फेब्रुवारी २०१५ मध्ये या वादावर मधला मार्ग काढण्यात आला. आणखी ३८ पिलाटस घ्यावीत आणि बाकीची गरज एचटीटी-४० ने भागवावी, असे ठरले. पुढे पिलाटसची ही वाढीव खरेदी झालीच नाही. कराराआधीच्या सचोटीविषयक अटींचा भंग केल्याच्या आरोपावरून संरक्षण मंत्रालयाने जुलै २०१९ मध्ये त्या कंपनीशी व्यवहार एका वर्षासाठी स्थगित केले. ऑगस्ट २०२० मध्ये संरक्षण सामग्री खरेदी परिषदेने १०६ एचटीटी-४० घेण्यास मंजुरी दिली. आधी ७० आणि ती सेवेत रुळल्यानंतर ३६ असे टप्पे ठरविण्यात आले.

पहिले उड्डाण

एचटीटी-४० चा पहिला नमुना २ फेब्रुवारी २०१६ रोजी बंगळूरच्या हँगरमधून बाहेर आला. ३१ मे २०१६ रोजी ग्रुप कॅप्टन (निवृत्त) सी. सुब्रमण्यम आणि ग्रुप कॅप्टन वेणुगोपाल या चाचणी वैमानिकांनी तो आकाशात नेला. सुमारे अर्ध्या तासाचे ते उड्डाण निर्विघ्न पार पडले. १७ जून २०१६ रोजी पर्रीकर यांच्या उपस्थितीत औपचारिक उड्डाण झाले. मे २०१७ मध्ये दुसरा नमुनाही उडू लागला.

पहिल्या उड्डाणाचे कौतुक मोठे होते. मात्र विमान उडते एवढे सिद्ध होणे ही चाचण्यांची केवळ सुरुवात असते. प्रशिक्षण विमानाची खरी कसोटी ते नीट उडत असताना लागत नाही. ते चुकीच्या पद्धतीने उडवले गेले तर काय होते, यावर ती लागते.

गिरकीची परीक्षा

विमान हवेत राहते ते पंखांवरून वेगाने वाहणाऱ्या हवेमुळे. वेग कमी करत नाक वर उचलत गेल्यास पंख आणि समोरून येणारी हवा यांच्यातील कोन वाढत जातो. एका मर्यादेनंतर हवेचा प्रवाह पंखाच्या वरच्या पृष्ठभागाला धरून राहू शकत नाही. तो सुटतो आणि पंखाची उचलण्याची शक्ती एकाएकी ढासळते. वैमानिकांच्या भाषेत याला 'स्टॉल' म्हणतात. इंजिन चालू असले तरी स्टॉल होऊ शकतो, हे अनेकांना ठाऊक नसते.

स्टॉलच्या क्षणी विमान थोडेसे जरी एका बाजूला वळलेले असेल तर एक पंख दुसऱ्यापेक्षा अधिक शक्ती गमावतो. विमान त्या बाजूला कलंडते आणि स्वतःभोवती फिरत, नाक खाली करून, स्क्रूसारखे आटे घेत जमिनीकडे झेपावते. हीच गिरकी, म्हणजे 'स्पिन'. प्रत्येक वेढ्याला शेकडो फूट उंची खर्ची पडते. नवखा वैमानिक घाबरून दांडा मागे ओढतो आणि परिस्थिती आणखी बिघडवतो. सर्वसाधारणपणे गिरकीच्या विरुद्ध बाजूस सुकाणू दाबणे आणि दांडा पुढे ढकलणे हा त्यावरील उपाय. हे पुस्तकात वाचून अंगवळणी पडत नाही. प्रशिक्षकासह पुरेशा उंचीवर जाऊन, जाणूनबुजून गिरकी घेऊन आणि तीतून बाहेर येऊनच ते शिकावे लागते.

म्हणून प्राथमिक प्रशिक्षण विमानाकडून दोन परस्परविरोधी वाटणाऱ्या अपेक्षा असतात. सांगितले तर त्याने गिरकीत शिरले पाहिजे आणि सांगितले तर हमखास बाहेरही आले पाहिजे. यातील दुसरी अपेक्षा शेपटीच्या रचनेवर अवलंबून असते. गिरकीत असताना हवा खालून वर वाहते. शेपटीचा आडवा भाग सुकाणूच्या आड आला तर सुकाणूला हवाच मिळत नाही आणि वैमानिकाचा पाय कितीही दाबला तरी विमान दाद देत नाही.

एचएएलला या परीक्षेचा कटू अनुभव होता. दुसऱ्या टप्प्यातील प्रशिक्षणासाठी तयार केलेल्या एचजेटी-३६ या जेट विमानाने मार्च २००३ मध्ये पहिले उड्डाण केले, परंतु स्टॉल आणि गिरकीच्या अडचणींमुळे ते वर्षानुवर्षे रखडले. त्याची शेपूट नव्याने रचून उड्डाणे पुन्हा सुरू होण्यास २०१९ उजाडले. एचटीटी-४० च्या गिरकी चाचण्यांतही आरंभी अडचणी आल्या. शेपटीच्या उभ्या भागात आणि सुकाणूत फेरबदल करावे लागले. त्यानंतर विमान डाव्या आणि उजव्या अशा दोन्ही बाजूंनी सलग सहा वेढ्यांची गिरकी घेऊन सुरक्षितपणे बाहेर येऊ लागले. हवाई दलाची अट सहा वेढ्यांचीच होती. हवेत इंजिन बंद करून पुन्हा सुरू करण्याच्या चाचण्याही झाल्या. दीपकचा इतिहास पाहता या चाचण्यांचे महत्त्व वेगळे सांगण्याची आवश्यकता नाही.

इंजिन आणि त्याचा स्वभाव

एचटीटी-४० मध्ये अमेरिकेच्या हनीवेल कंपनीचे टीपीई३३१-१२बी हे टर्बोप्रॉप इंजिन बसवलेले आहे. त्याची कमाल शक्ती १,१०० अश्वशक्ती आहे, म्हणजे दीपकच्या चौपटीहून अधिक. टर्बोप्रॉप इंजिनाच्या आत जेटप्रमाणेच टर्बाइन फिरते, पण तिची बहुतांश शक्ती पुढचा पंखा फिरवण्यासाठी खर्च होते. पिस्टन इंजिनापेक्षा त्यात हलणारे भाग कमी असतात आणि वजनाच्या मानाने ताकद जास्त मिळते. विमानतळांवर सहज मिळणारे केरोसीन जातीचे इंधनही त्याला चालते.

टर्बोप्रॉपमध्येही दोन घराणी आहेत. पिलाटसच्या इंजिनात पंखा फिरवणारी टर्बाइन स्वतंत्र असते. तिचा आणि मुख्य टर्बाइनचा संबंध केवळ गरम वायूच्या प्रवाहातून येतो. एचटीटी-४० च्या इंजिनात पंखा आणि टर्बाइन दातेरी चाकांमार्फत एकाच दांड्याला जोडलेले असतात. फेरे जवळपास स्थिर राहतात आणि शक्ती कमी-अधिक करायची ती मुख्यतः पात्यांचा कोन बदलून. त्यामुळे लिव्हर पुढे करताच विमान चटकन प्रतिसाद देते. उतरताना अंदाज चुकला आणि पुन्हा वर जायचे ठरले तर हा चटकनपणा मोलाचा ठरतो. याच कुळातील इंजिने एचएएलच्या कानपूर येथे बनणाऱ्या डॉर्नियर-२२८ विमानांवर असल्याने त्यांच्या देखभालीची माहिती देशात आधीपासून होती.

नाकावर एकच पंखा असलेल्या विमानाचा आणखी एक स्वभाव शिकणाऱ्याला समजून घ्यावा लागतो. शक्ती वाढवताच पंख्याच्या फिरण्यामुळे आणि त्याने मागे फेकलेल्या पिळदार हवेमुळे विमान एका बाजूला वळू पाहते. धावपट्टीवर सरळ धावण्यासाठी वैमानिकाला पायाने सतत सुकाणू सावरावे लागते. जेट विमानात हा त्रास नसतो. परंतु पायांची ही सवय अंगी बाणलेला वैमानिक पुढे कोणत्याही विमानावर अधिक सफाईदार ठरतो, असे जाणकार मानतात.

आत बसल्यावर

दीपकमधील शेजारी-शेजारी आसने एचटीटी-४० मध्ये नाहीत. येथे विद्यार्थी पुढे आणि प्रशिक्षक मागे बसतो. लढाऊ विमानात वैमानिकाला एकट्याने, मध्यभागी बसून निर्णय घ्यावे लागतात. त्याची सवय पहिल्या दिवसापासून व्हावी, हा या रचनेमागील हेतू. वातानुकूलित कक्ष, काट्यांच्या घड्याळांऐवजी पडद्यांवर दिसणारी माहिती आणि मिटणारी चाके यांमुळे पुढच्या टप्प्यातील विमान फारसे अनोळखी वाटत नाही.

सर्वांत मोठा फरक आहे तो 'शून्य-शून्य' आसनांचा. उंची शून्य आणि वेग शून्य, म्हणजे विमान जमिनीवर उभे असतानाही ही आसने वैमानिकाला बाहेर फेकून छत्रीने सुखरूप उतरवू शकतात. उड्डाण घेताना किंवा उतरताना, अगदी कमी उंचीवर इंजिन दगावले तर सुटकेचा मार्ग असतो तो हाच. दीपकच्या वैमानिकांना तो उपलब्ध नव्हता.

दैनंदिन वापराच्या दृष्टीनेही एक सोय उल्लेखनीय आहे. इंजिन बंद न करता या विमानात इंधन भरता येते आणि एक विद्यार्थी उतरून दुसरा चढू शकतो. अकादमीत सकाळच्या शांत हवेचे तास मोजके असतात. एकाच विमानावर एकापाठोपाठ एक विद्यार्थ्यांना उडवायचे असते. इंजिन पुन्हा पुन्हा बंद-सुरू करण्यात जाणारा वेळ वाचला तर तेवढेच उड्डाण अधिक पदरात पडते.

करार ते ओझर

१९ ऑक्टोबर २०२२ रोजी गुजरातमधील गांधीनगर येथे भरलेल्या संरक्षण प्रदर्शनात पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते या विमानाचे अनावरण झाले. १ मार्च २०२३ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने ७० विमानांच्या खरेदीस मंजुरी दिली. ६,८२८ कोटी रुपयांचा हा व्यवहार असून सहा वर्षांत पुरवठा करण्याचे ठरले. त्याच महिन्यात करारावर स्वाक्षऱ्या झाल्या. त्या वेळी विमानातील देशी घटकांचे प्रमाण सुमारे ५६ टक्के होते आणि ते टप्प्याटप्प्याने ६० टक्क्यांच्या पुढे नेण्याचे उद्दिष्ट ठेवण्यात आले. इंजिन मात्र परदेशीच आहे. जुलै २०२२ मध्ये हनीवेलशी ८८ इंजिने आणि त्यांचे सुटे संच यांच्यासाठी दहा कोटी डॉलरहून अधिक किमतीचा करार झाला होता. इंजिनांच्या पुरवठ्यास झालेल्या विलंबाचा फटका विमानांच्या वेळापत्रकाला बसला. आराखडा आपला असला तरी हृदय दुसऱ्याचे असेल तर किती अडून राहावे लागते, याचा हा धडा होय. २४ ऑक्टोबर २०२५ रोजी उत्पादन साखळीतील पहिल्या विमानाने, टीएच-४००१ ने, बंगळूर येथे पहिले उड्डाण केले.

दुसऱ्या उत्पादन साखळीसाठी ओझरची निवड होण्यामागे येथील कारागिरीचा इतिहास आहे. सोव्हिएत रशियाच्या सहकार्याने मिग-२१ बांधण्यासाठी १९६४ मध्ये हा कारखाना अस्तित्वात आला. त्या वेळी संरक्षणमंत्री होते यशवंतराव चव्हाण. १९६३ मध्ये ते नाशिकमधूनच लोकसभेवर बिनविरोध निवडून गेले होते. कारखाना येथे आणण्याचे श्रेय नाशिककर आजही त्यांनाच देतात. मिग-२१ च्या निरनिराळ्या आवृत्त्या, नंतर मिग-२७ आणि २००४ पासून सुखोई-३० एमकेआय अशी येथील उत्पादनाची परंपरा आहे.

या परंपरेला एक मर्यादाही होती. बांधणी ओझरची असली तरी आराखडा मॉस्कोचा असे. खिळा कोठे ठोकायचा हे येथील कामगाराला तंतोतंत ठाऊक होते, परंतु तो तेथेच का, याचा निर्णय दुसरीकडे झालेला असे. सुखोईच्या मूळ मागणीतील विमाने बांधून झाल्यावर कारखान्यापुढे कामाचा प्रश्न उभा राहिला होता. डिसेंबर २०२४ मध्ये आणखी १२ सुखोईंचे काम मिळाले, तरी दीर्घ पल्ल्यासाठी ते पुरेसे नव्हते. ज्या मिग-२१ साठी ओझरचा जन्म झाला, ते विमान २६ सप्टेंबर २०२५ रोजी चंदीगड येथे हवाई दलातून निवृत्त झाले. त्यानंतर अवघ्या तीन आठवड्यांत तेजस आणि एचटीटी-४० या देशात आराखडा झालेल्या दोन विमानांच्या साखळ्या येथे सुरू झाल्या. सातपूर, अंबड आणि सिन्नरच्या औद्योगिक वसाहतींतील लघुउद्योजकांचे लक्ष त्यामुळेच या साखळ्यांकडे लागले आहे.

पुढचा पल्ला

चाचणी वैमानिकांनी विमान सुरक्षित ठरवणे वेगळे आणि अकादमीतील विशी-बाविशीच्या तरुणांनी ते रोज, उन्हापावसात, धडपडत हाताळणे वेगळे. दीपकनेही आपल्या चाचण्या पार केल्या होत्या. त्यातील दोष उघड झाले ते प्रत्यक्ष वापरात. सिद्ध झालेले विमानही धोक्यापासून पूर्णतः मुक्त नसते. ४ डिसेंबर २०२३ रोजी तेलंगणात मेडक जिल्ह्यातील तूप्रानजवळ पिलाटस विमान कोसळून प्रशिक्षक आणि विद्यार्थी असे दोघे दगावले. त्यामुळे एचटीटी-४० विषयीचा अंतिम निकाल दुंडिगलच्या धावपट्टीवर, काही वर्षांच्या वापरानंतरच लागेल.

तोपर्यंत त्याच्या गुणदोषांचा एक भाग ओझरच्या हँगरमध्ये ठरणार आहे. जोडणीतील प्रत्येक नळी, इंधनमार्गातील प्रत्येक सांधा आणि सुकाणूची प्रत्येक तार तेथील कारागिरांच्या हाताखालून जाईल. ओझरने आजवर अनुभवी वैमानिकांसाठी विमाने बांधली. आता पहिल्यांदाच एकट्याने आकाशात झेपावणाऱ्या विद्यार्थ्यासाठी बांधायची आहेत. त्याला चूक करण्याची मुभा असावी आणि ती चूक शेवटची ठरू नये, एवढीच या विमानाकडून अपेक्षा आहे.

दृष्टिक्षेपात एचटीटी-४०

प्रकार : प्राथमिक प्रशिक्षणासाठी एकइंजिनी टर्बोप्रॉप विमान
आसने : दोन, एकामागे एक, शून्य-शून्य पद्धतीची
लांबी : सुमारे १०.५ मीटर
पंखांचा विस्तार : सुमारे ११ मीटर
उड्डाणाच्या वेळचे कमाल वजन : २,८०० किलो
इंजिन : हनीवेल टीपीई३३१-१२बी, १,१०० अश्वशक्ती
पंखा : चार पात्यांचा
कमाल वेग : ताशी सुमारे ४५० किलोमीटर
पल्ला : सुमारे १,००० किलोमीटर
कमाल उंची : सुमारे ६ किलोमीटर
पहिले उड्डाण : ३१ मे २०१६, बंगळूर
मागणी : भारतीय हवाई दलाकडून ७० विमाने (मार्च २०२३)
उत्पादन : बंगळूर आणि नाशिक (ओझर)